कानामागचं पाणी

जयवंताबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली होती तेव्हाच फोनमधून लेकाचा, करणचा आवाज खोलीत आला, "तिले सांगतलं का नाई अजून तुनं?" आणि लगेच बंद झाला. शीतलनं फोन दाबला असणार, तोही कोपरानं, कारण तिचे दोन्ही हात सासूच्या अंगाखाली होते. सकाळची चादर बदलायची वेळ. आधी सासूला डाव्या अंगावर लोटायचं, ओली चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, कोरडी तिच्यामागून पसरायची, मग उलटं फिरवून दोन्ही ओढून घ्यायच्या. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, आणि डावं, जे चालतं, ते अशा वेळी अंगाखाली दाबलेलं. म्हणजे तेवढा वेळ जयवंताबाई म्हणजे जोंधळ्याचं पोतं. बोलता येतं, मान वळत नाही. 'तिले' म्हणजे कोणाले, हे विचारायचं कारण नव्हतं. घरात बायका दोनच. काय सांगायचं ते मात्र ठाऊक नव्हतं, आणि ज्या तोंडावर ते लिहिलेलं असणार ते तोंड तिच्या पाठीमागं होतं. समोर भिंत. भिंतीचा हिरवा रंग उडून एक पांढरा पोपडा आलेला, त्याचा आकार बघून बघून तिला पाठ झालेला. शीतलचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू लागले, जरा जास्तच हळू. आणि त्या हळूपणानंच जयवंताबाई सावध झाली. घाईनं ओढलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कोनाचा फोन व?"

"त्यायचा."

"काय म्हने?"

"काई नाई. जेवले का म्हने."

सकाळी सकाळी जेवला का विचारतो का कोणी? जयवंताबाईच्या जिभेवर ते आलं होतं, पण जीभही आताशा निम्मी. शब्द उजव्या गालात जाऊन बसतात आणि लाळेबरोबर बाहेर पडतात. असे शब्द वापरून भांडायचं म्हणजे नासक्या वांग्यांचा ढीग लावून गिऱ्हाईक बोलावण्यासारखं. शीतलनं तिला सरळ केलं, उशी टेकवली, कोमट पाण्यात कापड बुडवून तोंड, मान, काखा पुसून घेतल्या. आदिलाबादची थंडी, खिडकीच्या फटीतून सुरीसारखा वारा. आणि रोजच्यासारखंच कानामागं पाणी राहून गेलं. एक थेंब कानाच्या पाळीमागं अडकला, तिथून मानेच्या खळग्यात उतरला, आणि सगळ्या अंगावर काटा आला, म्हणजे अर्ध्या अंगावर.

"कानामागं कोन पुसन? तुही माय येईन का मुधोळहून?"

हे रोजचं. शीतल रोज विसरते, जयवंताबाई रोज तिच्या मायला मुधोळहून बोलावते, आणि शीतल पदराच्या टोकानं पुसत म्हणते, "येईन नं, तिकिटाचे पैशे पाठवा." आज ती नुसतीच पुसून गेली. भांडं घेऊन, ओली चादर घेऊन, मागच्या दारानं. नळाचा आवाज आला. जयवंताबाई चहाची वाट बघत पडली आणि तिच्या लक्षात आलं, चहाच्या आधी जे करायचं असतं ते अजून झालेलं नाही.

ते करायचं म्हणजे प्रभूचा धन्यवाद. तो आजचा पाहिजे, ताजा. कालचा चालत नाही. ही रीत तिला पास्टरम्मानं घालून दिली होती, म्हणजे पास्टरसाहेबांच्या बायकोनं, जी तेलुगू बाई मराठी माणसांशी हिंदीत बोलते आणि 'नको' तेवढं मराठी वापरते. नवरा डोमाजी गेला त्या साली जयवंताबाई रयतु बाजारात, म्हणजे भाजीच्या सरकारी बाजारात, बसायची खरी, पण बसायची म्हणजे काय, तर पालेभाजीवर पाणी मारायचीसुद्धा विसरायची. नवरा फार गुणाचा होता असंही नाही. पण हातगाडी ढकलताना मागून ज्याचा खोकला यायचा तो येईनासा झाला, आणि गाडी जड झाली. शेजारी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरची घेऊन बसणारी बयनाबाई, तीही प्रार्थनेला जाणारी, एका रविवारी म्हणाली, "चाल व, तिथं खुर्ची देतात बसाले. तुले खाली बसूनच आयुष्य गेलं." खुर्चीसाठी गेली. तेलुगू गाणी, ढोलक, खंजिरी; अर्धं कळायचं नाही. मग पास्टरम्मा समोर येऊन म्हणाली, "अम्मा, रोज सुबह एक नया स्तोत्रम बोलो प्रभू को. कल का स्तोत्रम आज नको." स्तोत्रम म्हणजे त्यांच्यात धन्यवाद. आणि जयवंताबाईला ते एकदम पटलं, कारण ती भाजीवाली. शिळ्या मेथीवर पाणी मारून ती ताजी म्हणून विकणाऱ्या बायकांना तिनं भर बाजारात उघडं पाडलेलं. देवापुढं शिळा माल कसा ठेवायचा?

तेव्हापासून ताजा धन्यवाद सांगितल्याशिवाय चहाला ओठ लावायचे नाहीत. पहाटे गंजातून, म्हणजे ठोक बाजारातून, माल उचलायचा, गाडी लावायची, चहावाला पेला ठेवून जायचा, आणि ही डोळे मिटून हुडकत बसायची. आज काय? आज अंबाडीच्या देठाचा लाल रंग. आज त्या आंधळ्या गिऱ्हाइकानं बोटानं चाचपून बरोब्बर कोवळी भेंडी निवडली, ते. आज बयनाबाईची शिंक, तिच्यानं कुत्रं पळालं, ते. सापडलं की छातीत काहीतरी मऊसूत उघडायचं, आणि तो चहा, आल्याचा, फुकट मिळाल्यासारखा लागायचा. लोक टोमणे मारायचे. "जयवंताबाई येशूची झाली, आता वांग्याले भाव बी विलायती लावन." ती म्हणायची, "लावीन नं. तुले देशी कीड पायजे तर पुढच्या गाडीवर जाय." घरी करण तोंड वाकडं करायचा, शीतल नवी सून, ती काहीच म्हणायची नाही. स्वैपाकघरात आपल्या देवांपुढं दिवा लावायची, हात पुसायची, आणि सासूचं काळं पुस्तक उघडून दोन ओळी वाचून दाखवायची, कारण जयवंताबाईचं वाचन दुकानाच्या पाटीपुरतं. प्रार्थनेच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं काय दिलं ते सांगायला, जयवंताबाई उठली की बायका आधीच हसायला लागायच्या, आणि शेवटी सगळी सभा "स्तोत्रम!" म्हणायची. तिला ते आवडायचं. धन्यवादाचाही तिला तोरा होता. चांगला माल वर लावून ठेवायची सवय.

पण गाडीवर बसून रस्ता बघणाऱ्याला नवं सापडतं. खाटेवरून काय सापडणार? पावसाळ्याच्या शेवटी ती अंबाडीच्या जुड्यांवरच कोसळली, उजवा हात जुडीखालून निघेना, आणि दवाखान्यातून आली ती या खोलीत. एक खिडकी, एक भिंत, एक पोपडा. सुरुवातीला जमलं. खिडकीतल्या उन्हाची चिंधी, शेजारच्या घरातली फोडणी, जिभेला पहिल्यांदा पुन्हा आंबट लागलं ते. मग उन्हाची चिंधी तीच, फोडणी तीच. हुडकून हुडकून मन रिकाम्या टोपलीच्या तळाशी बोटं खरवडू लागलं. चहा गार होई. शीतल म्हणे, "सापडलं का?" ही म्हणे, "थांब वं, घाई काय आहे." आणि खरी गोष्ट अशी की रोज नवं असं त्या खोलीत एकच होतं. आज शीतलनं केस विंचरताना गुंता ओढला नाही, बोटानं सोडवला. आज तिनं भांडं नेताना तोंड फिरवलं नाही. आज स्वतःची शाल काढून हिच्या पायांवर टाकली आणि थंडीत तशीच झाडत राहिली. हे सगळं ताजं, पहाटेच्या दवाचं. आणि जयवंताबाई त्याच्यावरून नजर काढून पुढं जायची, जसं एखादं गिऱ्हाईक सगळ्यात चांगल्या जुडीला हात न लावता पुढं जातं. लावला तर भाव विचारावा लागेल.

घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? तलमडुगूत, तिच्या माहेरी, बाप आजारी पडला तेव्हा मायनं त्याचं सगळं काढलं. बाप शेवटपर्यंत तिला "पाणी गार काऊन आणलं" असंच म्हणत गेला, आणि माय ते लोकांना लाडानं सांगायची. आभार मानायचे ते लग्नात आलेल्या पाहुण्यांचे, डॉक्टरचे, शाळेच्या झेंडावंदनाला आलेल्या सायबाचे. लहानपणी ती त्या कार्यक्रमाला जायची ती खाऊसाठी, आणि एवढं तिला कळायचं की गुरुजी कागद काढून आभार मानायला लागले की आता उठायचं. लोक चपला हुडकू लागायचे, मागची पोरं सतरंज्या गुंडाळू लागायची. आभार म्हणजे संपलं, आपापल्या घरी जा.

करण काय सांगायला म्हणत होता, ते त्या दिवसभरात तिला कळलं, कोणी न सांगता. मागच्या अंगणात शीतल हळू आवाजात बोलत होती आणि वाऱ्याची दिशा खिडकीकडं होती. हैदराबादेत कंपनीची गाडी चालवतो करण. त्याला खोली मिळाली. तिथं मोठा दवाखाना, मूल होण्यासाठी दाखवायचं, मग थांबायचं नाही आता. सासूजवळ तिची नणंद येऊन राहील, देवकाबाई. शीतल म्हणत होती, "नाई, मी नाई येत. त्यायले दुसऱ्याचं जमत नाई. देवका आत्या धसमुसळ्या आहेत. अजून थोडे दिवस." मूल नाही म्हणून याच तोंडानं जयवंताबाईनं शीतलला बोलायचं काही ठेवलं नव्हतं. "चांगली जमीन दिसते, पन पेरून उगवन तवा," असं, आणि तेही बयनाबाईसमोर. आता ती पोरगी इथं तिची ओली चादर ओढत म्हाताऱ्या बाईसाठी स्वतःचं मूल मागं ढकलत होती. जयवंताबाईनं डोळे मिटून घेतले. तिला रडायचं होतं आणि एकाच डोळ्याला पाणी आलं. उठता आलं असतं तर ती उठून अंगणात गेली असती, फोन हिसकला असता, काहीतरी केलं असतं. हे 'काहीतरी' तिला आयुष्यभर हातानं करायची सवय. आता हात एक, तोही उशीपर्यंतच पोचणारा. उरलं काय, तर निम्मी जीभ. आणि मग त्या रिकाम्या टोपलीच्या तळाशी तिला वाटलं, हेच तर मागत नसेल प्रभू इतके दिवस? सगळ्यात वरची जुडी?

रविवारी दुपारी सभा तिच्या घरी भरली. ती जाऊ शकत नाही म्हणून पास्टरम्मा महिन्यात एखादे वेळी बायका घेऊन येते. खाटेभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक खंजिरी, बयनाबाई अंगाला मिरचीचा वास घेऊन उशाशी. गाणं झालं. एकीनं पोराच्या नोकरीची साक्ष दिली, एकीनं गुडघ्याची. शीतल स्वैपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. ती सभेत बसत नाही, पण चहा तिचाच लागतो. जयवंताबाईची पाळी आली तशी बायका हसायच्या तयारीत पुढं सरकल्या.

"मी," ती म्हणाली, आणि शब्द गालात गेला. तिनं तो डाव्या बाजूला ओढून आणला. "मी प्रभूचा धन्यवाद करते. माह्या सुनेसाठी."

कोणी हसलं नाही. पास्टरम्माचे डोळे लगेच भरले. तिचे लवकर भरतात. "स्तोत्रम," ती म्हणाली. "अम्मा, बहू के तरफ देख के बोलो. प्रभू तो सुन लिया. उसको बोलो."

मान तेवढी वळत होती. शीतल दारात, ट्रेमधल्या पेल्यांवर नजर. जयवंताबाईला वाटलं, ही गाडी चढावर आहे, आता सोडली तर मागं येईल. "शीतल," ती म्हणाली, "तुनं माहं सगळं केलं. पोटच्या पोरीनं केलं नसतं. तुहे लई उपकार झाले. मी तुहे आभार मानते." एवढं लांब वाक्य ती दुखण्यानंतर पहिल्यांदाच अखंड बोलली. "स्तोत्रम!" सगळी सभा म्हणाली, खंजिरी वाजली, आणि त्या आवाजात छातीत ते मऊसूत उघडलं, कधी नव्हे इतकं, अगदी बाजारातल्या दिवसांसारखं. डोळे मिटून ती त्या उबेत पडून राहिली. म्हणून शीतलचा चेहरा तिला दिसलाच नाही. पेले एकमेकांवर वाजलेले फक्त ऐकू आले.

बायका गेल्या. शीतलनं खुर्च्या एकात एक घातल्या, जमीन पुसली, मग खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली, उशाशी नाही.

"तुमाले कळलं होतं वाटते."

"काय वं?"

"तुमचे लेक बोलावून राह्यले ते. मी नाईच म्हनत होती त्यायले. म्हटलं, आत्याबाई सोडनार नाई मले, आन मी बी नाई सोडत." तिनं नाक ओढलं. "पन तुमी तं सगळ्या बायायसमोर आभार मानले. परक्या बाईचे मानावं तसे."

"तसं नाई वं..."

"नाई, बरं केलं. तुमी सोताच मोकळं केलं मले. तोंडानं जाय म्हनले नाई, मानानं म्हनले." ती रडत नव्हती. रडली असती तर जयवंताबाईला काही करता आलं असतं. "येवढे दिवस मी म्हनो, शिव्या देतात तं घरचीच समजतात. आज समजलं, हिशोब झाला."

जयवंताबाईनं तोंड उघडलं. दोन शब्द पुरेसे होते. 'नको जाऊ.' ती म्हणाली असती तर शीतल थांबली असती. ते शीतलच्या उभं राहण्यातच दिसत होतं, एक पाय मागं, एक अजून खाटेला लागलेला. फार नाही, एवढं म्हणायचं की आभार चुकून निघाले, परत घेते. आणि अंगणातला तो हळू आवाज आठवला: अजून थोडे दिवस. कोणाचे दिवस? पोरीच्या पोटाचे. धन्यवाद परत घेतला तर सून राहील, आणि ठेवला तर सून जाईल, आणि जाताना असं समजून जाईल की हिनं मला परकी केली. प्रभू, हा कसला सौदा, ती मनात म्हणाली. मी तर चांगल्या मनानं दिलं होतं. शब्द उजव्या गालात जमत राहिले आणि लाळ होऊन उशीवर उतरले. शीतलनं वाकून ती पुसली आणि फोन करायला अंगणात गेली.

देवकाबाई आली, तिच्यामागं तिची पत्र्याची पेटी, पेटीत तंबाखू. डोमाजीची बहीण, भावासारखाच खोकला, आणि तो ऐकून जयवंताबाईला बरं वाटलं की वाईट हेच ठरेना. शीतल दोन दिवस तिला शिकवत होती, कोणत्या कुशीवर आधी वळवायचं, पाणी किती कोमट, घास डाव्या गालात. देवकाबाई म्हणाली, "मले काय शिकवते, मी पाच लेकरं काढली." शीतल म्हणाली, "हे लेकरू चावते." त्यावर देवकाबाई हसली, जयवंताबाई हसली नाही. त्या दोन दिवसांत शीतल तिच्याशी गोड बोलत होती. "घ्या हं आत्याबाई," "बसा हं आत्याबाई." डॉक्टरकडची नर्स बोलते तसं. आणि जयवंताबाईही गोडच बोलत होती, काय करावं न कळून. तिला वाटायचं, खोलीत दोघी कोणीतरी सभ्य अनोळखी बायका राहायला आल्यात आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही.

जायच्या सकाळी शीतलनंच अंग पुसलं. देवकाबाई दारात चहाचा पेला घेऊन टेकलेली. बाहेर बस स्टँडला नेणारा ऑटो येऊन उभा. चादर बदलताना पुन्हा ती भिंत, तो पोपडा. शेवटचे हे अंगाखालचे हात, तिला वाटलं, आणि हे आपण बघूसुद्धा शकत नाही. मग सरळ केलं, तोंड पुसलं, मान पुसली, कापड पिळून बादलीवर टाकलं. शीतलनं पिशवी उचलली, वाकून सासूच्या चालत्या पायाला हात लावला. "येते, आत्याबाई. काळजी घ्या हं." आणि उंबऱ्यापाशी गेली. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

कानामागून थेंब निघाला. पाळीवरून मानेच्या खळग्यात, गार, आणि अर्ध्या अंगावर काटा.

"काऊन व भवाने!" जयवंताबाई ओरडली. निम्म्या जिभेनं, लाळेसकट, पण बाजारात ऐकू जाईल एवढं. "कानामागं कोन पुसन? तुही माय येईन का मुधोळहून?"

शीतल थांबली. पाठमोरी. मग तिचे खांदे हलू लागले, आणि वळली तेव्हा ती हसत होती आणि सगळं तोंड ओलं होतं. "येईन नं," ती म्हणाली, "तिकिटाचे पैशे पाठवा." पिशवी उंबऱ्यावर टाकून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती धावत खाटेशी आली. "आंधळी आहेस का," जयवंताबाई म्हणत होती, "कोनाच्या घरून आनली मी तुले, धड पुसाले येत नाई, हैद्राबादेत काय उजेड पाडनार?" "हाव, हाव," शीतल म्हणत होती. पदराचं टोक कानाशी पोचलं तशी जयवंताबाईनं मान बाजूला घेतली, होती तेवढी.

"राहू दे."

"थंडी वाजन नं."

"राहू दे म्हनलं नं. जाय तू. गाडी जाईन."

शीतलनं बोटाचा पदर सोडला, उंबऱ्यावरची पिशवी उचलली. मग गेली. ऑटो सुरू झाला, गल्लीच्या तोंडाशी थोडा अडकला, आणि मग त्याचा आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. किती लांबवर तो वेगळा ऐकू येत होता हे जयवंताबाईला सांगता आलं नसतं.

देवकाबाईनं पेला ओठांशी आणला. "पी नं व. गार होऊन राह्यला."

"थांब."

"काहाले?"

जयवंताबाईनं डोळे मिटले. छातीत काही उघडलं नाही. तिथं गाडीच्या चाकाखाली आल्यासारखं दाबून आलं होतं. उन्हाची चिंधी तीच, भिंत तीच. उद्यापासून हे धसमुसळे हात, आणि ते नीट, कोरडं, काही न ठेवता पुसतील. पण थेंब अजून होता. मानेच्या खळग्यात, तिचा हात न पोचण्याच्या जागी, हळूहळू तिच्याच अंगानं कोमट होत चाललेला.

"प्रभू," ती म्हणाली, "आज हे."

देवकाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "कोनतं?"

थेंब वाळेपर्यंत जयवंताबाईनं चहा घेतला नाही.